मीनाक्षीच्या वाटेवरचे पूल

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पत्ता विचारला की लोक रस्त्याचा नंबर सांगतात. आधी रोड नंबर, मग आतली गल्ली, मग गोदाम. सीकर रोडला लागून पसरलेल्या या वसाहतीला शहरात सगळे ‘व्हीकेआय’ म्हणतात. तारा ओढणारे कारखाने, रोलिंग मिल, फाउंड्र्या आणि लोखंडाची गोदामं एकमेकांना खेटून उभी आहेत. जानेवारीच्या थंडीत सकाळी आठला तिथं पोचलो, तर धूर जमिनीलगत रेंगाळत होता आणि त्यात गॅस कटरची निळी ज्योत तेवढी स्पष्ट दिसत होती. माझा भाचा तिथल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मी आयुष्यभर रस्ते-पुलांच्या कामात राहिलो हे त्याला ठाऊक, म्हणून किल्ले-महाल बाजूला ठेवून तो मला आधी इथं घेऊन आला. “मामा, एक वस्तू दाखवतो,” एवढंच म्हणाला.

ती वस्तू म्हणजे पुलाच्या गर्डरचा तुकडा. लांबी दोन पुरुष, कापलेल्या कडा अजून काळ्या. अंगभर लिंबाएवढ्या रिव्हेटांच्या रांगा होत्या. रंगाचे पोपडे नखानं उचलले तर खाली दुसरा थर, त्याखाली तिसरा आणि तळाशी शेंदरी. प्रत्येक थर म्हणजे कुणीतरी दोरावर लटकून केलेली एक रंगाई. एका टोकाला पांढऱ्या अक्षरांत ‘पुल सं.’ एवढंच उरलं होतं. पुढचा आकडा कटरनं नेला होता. गोदामवाल्याला विचारलं, हा कुठल्या नदीवरचा? “मीटर गेज का माल है, बाबूजी. अब तो कम आता है,” तो म्हणाला. नदी त्याला माहीत नव्हती. त्याच्याकडे माल किलोवर येतो आणि किलोवर जातो.

मीटरगेज हा शब्द ऐकला आणि मी लहान झालो. माझं गाव अकोला. आमच्या स्टेशनात दोन रुंदीचे रूळ होते. मुंबई-नागपूरचा मोठा, 1676 मिलिमीटरचा, आणि दुसरा बरोबर 1 मीटरचा. त्या लहान रुळावरून काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस जायची. हैदराबादहून निघून पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला. मग मेळघाटचं जंगल, खांडवा, नर्मदा, महू, इंदूर, रतलाम, चित्तोड, अजमेर आणि जयपूर. आमच्या वडिलांच्या पिढीला राजस्थान म्हणजे मीनाक्षीचं शेवटचं स्टेशन. 1992 मध्ये रेल्वेनं सगळे रूळ एकाच रुंदीचे करायचं धोरण घेतलं आणि ही साखळी कडी-कडीनं तुटत गेली. व्हीकेआयच्या बाजूनं जाणारा जयपूर-सीकरचा मीटरगेजही 2016 मध्ये बंद झाला, आणि 2019 मध्ये तिथून ब्रॉडगेज धावू लागली. याच मार्गावरच्या ढेहर का बालाजी स्टेशनावर आज कुणाला विचारलं तरी जुना रूळ कुठून जात होता ते पटकन दाखवता येणार नाही.

रूळ उचलता येतात. स्लीपर उचलता येतात. स्टेशनची इमारत दुसऱ्या कामाला लावता येते. पुलाचं तसं नाही. काही पुलांचे गर्डर या गोदामापर्यंत येतात, काही तिथंच उभे राहतात. उभे राहिलेल्यांचं काय होतं, हे पाहायचं मी तिथंच ठरवलं आणि परतीची वाट मीनाक्षीची धरली. सगळा रूळ आता सलग नाही, म्हणून कुठं नवी गाडी, कुठं एसटी, कुठं जीप.

महूपासून जुना रस्ता खऱ्या अर्थानं सुरू होतो. हा होळकरांचा रेल्वेमार्ग. 1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत 101 वर्षं, व्याज साडेचार टक्के. मराठी संस्थानिकानं इंग्रजाला कर्ज द्यायचं आणि इंग्रजानं व्याज भरत राहायचं, हा प्रकार शाळेत आम्हाला कुणी सांगितला नव्हता. इंदूरच्या राजवाड्याजवळ अजूनही अस्खलित मराठी बोलणारी माणसं भेटतात, त्यांना मात्र हे कर्ज तोंडपाठ असतं.

पातालपाणी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा घाट आजही मीटरगेजच आहे. ब्रॉडगेजसाठी एवढा चढ नको, म्हणून नवा मार्ग वळसा घालून दुसरीकडून नेला जातो आहे. हा तुकडा एरवी मेलाच असता. पण 25 डिसेंबर 2018 पासून इथं वारसा गाडी सुरू झाली. मोठमोठ्या काचांचे डबे, पावसाळ्यात धबधब्याची गर्दी, पातालपाणीला तंट्या भिल्लाच्या स्मारकापाशी हात जोडणारे लोक. इंग्रजांनी त्याला 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिली. इथं तो सगळ्यांचा तंट्या मामा. कालाकुंडला पळसाच्या द्रोणात कलाकंद विकायला येतो, तो गावातल्याच दुधाचा. स्टेशनची कमाई म्हणाल तर गावाला हीच.

मी घाट पायी पाहायला थांबलो आणि तिथं मला या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली. लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक ट्रॅकमन पुलापाशी वाकून काहीतरी ऐकत होता. रिव्हेटाच्या एका अंगाला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या अंगानं हातोडीचा हलका ठोका द्यायचा. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतं, सैल झालेलं असेल तर आवाज बद्द येतो आणि बोटाला थरथर लागते. शंभर वर्षांपूर्वीही असंच तपासत, आजही असंच. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पूल तपासायचा, खांबाच्या पायाखालची माती पुरानं खरवडली का पाहायचं, बेअरिंग गंजून अडकलं का, दगडी कमानीतून पाणी झिरपतं का, सांध्यात पिंपळाचं रोप धरलं का, हे सगळं नोंदवहीत लिहायचं. खांबावर पाण्याच्या धोक्याची रेघ रंगवलेली असते. पाणी तिथवर चढलं की गाडी थांबते.

हे सगळं गाडी धावते म्हणून होतं. गाडी थांबली की पहिल्यांदा बंद होते ती ही हातोडी. बंद पडलेला पूल जास्त धोक्याचा होतो तो वयामुळे नाही, त्याच्याकडे बघणारं कुणी उरत नाही म्हणून. वरचं ओझं गेलं, आता याला काय होणार, असा आपला समज असतो. पण पुलाला मारतं ते बहुधा पाणी. गंज वरून येतो, पूर खालून येतो, आणि दोघांनाही वेळापत्रक लागत नाही. कालाकुंडच्या घाटात पर्यटकांसाठी चालणारी ती लहानशी गाडी दीडशे वर्षांच्या पुलांना तपासणी मिळवून देते. मला हेरिटेज या शब्दाचं फार कौतुक कधी नव्हतं. त्या दिवशी वाटू लागलं.

घाट उतरला की बडवाहच्या पुढे मोरटक्का. इथं नर्मदा रुंद आहे, शांत दिसते. होळकरांचा रेल्वे पूल 1876 च्या ऑक्टोबरात स्वतः महाराजांनी खुला केला. 2023 च्या फेब्रुवारीत इथला शेवटचा मीटरगेजही थांबला. आता ब्रॉडगेजसाठी नवा पूल उभा राहतो आहे. 2023 च्याच सप्टेंबरात नर्मदेला मोठा पूर आला आणि मोरटक्क्याच्या रस्त्याच्या पुलावरची वाहतूक बंद करावी लागली. इंदूर-इच्छापूर रस्ता म्हणजे खानदेश-वऱ्हाडाचा इंदूरशी थेट दुवा. तो तुटला की केळीचे ट्रक रांगेत उभे.

खेडीघाटावर संध्याकाळी नर्मदेचे परिक्रमावासी बसले होते. पांढरे कपडे, खांद्याला झोळी, हातात दंड. त्यांतले चौघं साताऱ्याकडचे निघाले. मी सहज म्हणालो, या पुलावरून पलीकडे गेलात की ओंकारेश्वर किती जवळ! त्यातल्या वयानं मोठ्या बाई हसल्या. “अहो दादा, आम्हाला मैया ओलांडता येत नाही. परिक्रमेत पूल बघायचा असतो, चढायचा नसतो.” इतकी वर्षं पुलांची कामं करून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पूल नुसता दिसतो म्हणूनही कुणाला हवा असतो.

त्यांना तो दिसायला हवा, स्थानिकांना पायवाट म्हणून हवा, भंगारवाल्याला किलोवर हवा, आणि नव्या पुलाच्या इंजिनिअरला तो शेजारी नको असतो. शेवटची गोष्ट सामान्य माणसाला चमत्कारिक वाटते, म्हणून थोडी सांगतो. नदीत खांब उभा असला की पाणी त्याला वळसा घालून जातं आणि पायाशी भोवरा तयार होतो. तो भोवरा वाळू उपसतो. जुने खांब वरच्या अंगाला आणि नवे खालच्या अंगाला असतील तर जुन्यांच्या भोवऱ्यांचा मार नव्यांना बसू शकतो. जुन्या खांबांना पुरात ओंडके अडकले, तर पाण्याचा लोट एकाच बाजूला वळतो. म्हणून बंद पूल कायम ठेवायचा तर नदीचाही हिशेब करावा लागतो. पाडायचा म्हटलं तरी शेजारच्या पुलाला धक्का न लागता पाण्यातले पाये काढणं हे बांधण्याइतकंच कसबाचं आणि खर्चाचं काम आहे. त्यात आता वर ओंकारेश्वरचं आणि त्याच्याही वर इंदिरा सागरचं धरण आहे. 1876 च्या इंजिनिअरनं पाहिलेली नर्मदा आणि आजची नर्मदा एक नाही.

सनावदच्या बाजूला रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. 1740 च्या एप्रिलात नर्मदाकाठी ते गेले. तिथं जाऊन आलो. समाधीवर लिहायला घेतलं तर हा लेख तिकडेच वाहून जाईल, म्हणून इतकंच.

खांडव्याच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या मनात हिशेब चालू होता. आपल्याकडे पूल चालू असतो किंवा बंद असतो, एवढंच कागदावर. खरा धोका तिसऱ्या अवस्थेत आहे. पाटी लावलेली असते ‘धोकादायक, प्रवेश बंद’, आणि पाटीच्या शेजारून पायवाट मळलेली असते. गोव्यात 18 मे 2017 ला सावर्ड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल असाच वापरासाठी बंद होता. नदीत उडी घेतलेल्या एका तरुणाचा शोध चालू होता, तो बघायला लोक त्या बंद पुलावर चढले आणि पूल गर्दीसकट खाली गेला. दोघं दगावले. मी प्रवासाहून परतल्यावर पाच महिन्यांनी, 15 जून 2025 च्या रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला. चौघं गेले. तोही धोकादायक म्हणून ठरवलेलाच होता. हे दोन्ही पूल रेल्वेचे नव्हते. पण लोखंडाला त्याच्यावरून काय जायचं हे ठाऊक नसतं. ज्या पुलावर माणूस चढू शकतो तो पूल बंद नाही, असं माझं मत आहे. एकतर दोन्ही टोकांच्या दहा-दहा मीटरची फळीच काढून घ्या, नाहीतर तपासून, कठडे लावून रीतसर उघडा.

रीतसर उघडणं जमत नाही असं नाही. आंध्रात राजमहेंद्रीला गोदावरीवरचा हॅवलॉक पूल 1900 मध्ये सुरू झाला, पावणेतीन किलोमीटर लांबीचा, 56 गाळ्यांचा. जवळपास 100 वर्षं गाडी वाहून 1997 मध्ये तो निवृत्त झाला. भंगारात जायची वेळ आली तेव्हा शहरातल्या लोकांनी आवाज उठवला, पुढे तो राज्य सरकारकडे आला, आणि पर्यटनासाठी त्याचा कायापालट करायचं ठरलं. मधे पाव शतक गेलं. न्यूयॉर्कजवळ पोकीप्सीला हडसन नदीवरचा 1889 चा रेल्वे पूल 1974 मध्ये आगीनं बंद पडला होता; 2009 मध्ये तो लोकांना चालायला खुला झाला. ब्रिटननं तर बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे 3,000 हून जास्त पूल, बोगदे, कमानी एका यंत्रणेच्या ताब्यात दिले आहेत, तपासणीसकट. तिथंही चुका होतात. कम्ब्रियातल्या ग्रेट मसग्रेव्ह गावच्या दगडी पुलाखालची पोकळी 2021 मध्ये सुरक्षेच्या नावाखाली काँक्रीटनं भरून टाकली गेली. गावकरी भांडले, स्थानिक परिषदेनं परवानगी नाकारली आणि 2023 मध्ये तेच काँक्रीट पुन्हा खरवडून काढावं लागलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की भांडायला समोर कुणीतरी होतं. आपल्या बंद पुलाबद्दल तक्रार करायची तर आधी तो कुणाचा हेच शोधावं लागतं.

खांडव्यापासून दक्षिणेला मेळघाट. खांडवा-अकोला हा तुकडा स्वातंत्र्यानंतरचा, होळकरांच्या घाटाहून पुष्कळ तरुण. 2017 च्या सुरुवातीला तो बंद झाला. तुकईथडच्या पुढे रस्ता जंगलात शिरला की सागाची पानगळ, मोहाची झाडं, मधूनच कोरकू वस्त्या. एका गावाचं नावच ‘धुळघाट रेल्वे’. गाडी गेली, नाव राहिलं.

धुळघाटला रूळ डोंगरात गोल वळसा घेऊन स्वतःच्याच अंगावरून पलीकडे जातो. लहानपणी मीनाक्षीत बसून आम्ही खिडकीतून खाली पाहायचो आणि मघाशी गेलो तोच रूळ पायाखाली दिसायचा. आई म्हणायची, हात बाहेर काढू नकोस. तेवढ्यासाठी मी झोपायचो नाही.

आता तिथं जायला जंगलखात्याचा माणूस बरोबर लागतो. पुलाखाली उभा राहिलो. दगडी बांधकामाच्या सांध्यांत गवत, एका बेअरिंगच्या खोबणीत मुंग्यांची माती, आणि खाली कोरड्या ओढ्यात ओल्या वाळूवर खुरांचे ठसे, सांबराचे. वनरक्षकानं काठीनं दाखवलं, सावली असते म्हणून दुपारी जनावरं पुलाखाली थांबतात. मी खिशातली किल्ली काढून एका रिव्हेटावर वाजवली. खणखणीत आवाज आला. पुढचं वाजवलं, तेही. आठ वर्षं इथं कुणी वाजवलं नसावं.

इथं मात्र माझं मोरटक्क्याचं गणित उलटतं. या मार्गाचा सुमारे 39 किलोमीटरचा भाग व्याघ्र प्रकल्पातून जातो. ब्रॉडगेज जुन्याच वाटेनं न्यायची की जंगलाबाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मार्ग वळवावा असं पत्र रेल्वेमंत्र्यांना लिहिलं. बाहेरची वाट लांब पडते, पण जळगाव जामोदकडच्या गावांना रेल्वे मिळते. मी जंगलाच्या बाजूचा आहे. वाघाच्या वाटेवर वेगवान गाडी नको. पण धुळघाटच्या एका म्हाताऱ्या कोरकू माणसानं विचारलं, “गाडी व्हती तवा अकोल्याच्या दवाखान्यात जात होतो. आता कोन नेते?” त्याला वाघाचं कारण सांगून भागणार नाही. रूळ काढला तर त्या जागी वेळेवर येणारी एसटी द्यावी लागते, आणि तीही पावसाळ्यात.

इथल्या पुलांना मी हात लावणार नाही. ज्या दोन-चार ठिकाणी खालून पायवाट किंवा गुरांची वाट जाते, तिथं सैल दगड आणि लटकणारं लोखंड काढून घ्यावं, चढायच्या जागा तोडाव्यात आणि बाकीचं जंगलाला द्यावं. पाडायला यंत्रं आणायची म्हटली तर रस्ता करावा लागेल, स्फोट करावे लागतील, आणि पुलापेक्षा जास्त नुकसान त्या पाडण्यानं होईल. एकच नियम सगळ्या पुलांना लावता येत नाही, तो याच्यामुळे. प्रत्येक पुलापाशी उभं राहून ठरवावं लागतं, आणि ते गाडी बंद होते त्याच वर्षी, सगळे नकाशे आणि नोंदवह्या हाताशी असताना. नंतर नोंदवही सांभाळणारा माणूसही निवृत्त होतो.

अकोटला परत ब्रॉडगेज लागते. अकोट-अकोला गाडी 2022 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तिचीही एक गोष्ट आहे. त्याच्या महिनाभर आधी गांधीग्रामला पूर्णा नदीवरचा रस्त्याचा जुना पूल खचला आणि वाहतूक बंद झाली. अकोट तालुक्यातून अकोल्याला यायचं तर लांबचा फेरा. त्या दिवसांत ही नवी गाडी लोकांना आधाराला आली. माझ्या समोर बसलेल्या बाईंच्या पायाशी मेथीच्या जुड्या होत्या. म्हणाल्या, “तवा एका डब्यात माणसं कमी आन् भाजीपालाच जास्त व्हता, भाऊ.” म्हणजे रस्त्याचा पूल बंद पडला तेव्हा रेल्वेच्या पुलानं गाव धरून ठेवलं.

गांधीग्राम सोडल्यावर गाडीचा वेग कमी झाला. पूर्णेवर आलो. जानेवारीत पाणी थोडंच, काठाला हरभऱ्याची शेतं. मी दारात उभा राहून खांब पाहत होतो. पुलाच्या मध्यावर गर्डरला जोडलेल्या लहानशा जाळीदार चौकटीत, गाडी येते तेव्हा थांबायच्या जागेत, नारिंगी जाकीट घातलेला एक पोरगेलासा ट्रॅकमन उभा होता. हातोडा खांद्याला लावलेला. गाडी त्याच्या हातभर अंतरावरून गेली. त्यानं डब्यांकडे पाहिलं नाही. त्याची नजर खाली चाकांवर, रुळावर होती, आणि शेवटचा डबा जाताच तो वाकून पुढच्या जोडाकडे चालू लागला.